जिवंत आहे हे ओळखायचं कसं? जीवनप्रक्रिया घरच्या घरी पाहण्याची कृती

पाचवी-सहावीतल्या कुठल्याही पोराला सजीवांची लक्षणं विचारा. हालचाल, पोषण, श्वसन, उत्सर्जन, वाढ, चेतनाक्षमता, प्रजनन अशी सात नावं एका दमात येतील. मग पडवीत पडलेला सुका नारळ त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा, हा जिवंत आहे का? हलत नाही, खात नाही, वाढताना दिसत नाही. पोरगं गप्प होतं, आणि बरेचदा आपणही. तोच नारळ मिरगाच्या पावसात ओलसर जागी लावला तर काही महिन्यांत कोंब काढतो. म्हणजे तो जिवंत होता, फक्त आपल्याकडे ते ओळखायचं साधन नव्हतं.

ते साधन कोकणातल्या कुठल्याही घरात तयार करता येतं. खाली दिलेले प्रयोग शाळेतल्या मुलांना सोबत घेऊन करण्याजोगे आहेत. दहावीच्या पुस्तकात जीवनप्रक्रियांवर धडे आहेत, ते शिकणाऱ्यांनाही उपयोग होईल.

आधी काय जमवायचं

दोन जुने थर्मास, दोन साधे थर्मामीटर, झाकणाच्या चार-पाच काचेच्या बरण्या, पानपट्टीवरचा चुना, औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन आणि सर्जिकल स्पिरिट, एक भिंग आणि वही. ताप बघायचा थर्मामीटर चालत नाही. त्याचे आकडे ३५ अंशांच्या आसपास सुरू होतात आणि इथे आपल्याला त्याखालचं तापमान मोजायचंय.

एक नियम मात्र कधी मोडायचा नाही. प्रत्येक प्रयोग जोडीने करायचा: एका भांड्यात जिवंत, दुसऱ्यात त्याच वस्तूचं मेलेलं रूप, बाकी सगळं सारखं. ही जोडी नसेल तर तुम्ही जे पाहाल त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

सुरुवात श्वसनापासून करा

बहुतेक जण हालचालीपासून सुरुवात करतात. मी तसं करणार नाही, कारण हालचालीसारखी फसवी खूण दुसरी नाही. समुद्र रात्रंदिवस हलतो. होडीचं इंजिन हलतं, डिझेल पितं आणि धूर सोडतं. उलट कातळाला चिकटलेलं कालव मोठं झाल्यावर जन्मभर जागा सोडत नाही. श्वसन मात्र जिवंत पेशीत, कमी का होईना, चालूच असतं.

कोकणात हे बघायची उत्तम वेळ म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा, भाताचं बियाणं रहू घालतात तेव्हा. आधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं टाकतात, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकतात, खाली बसलेलं बी स्वच्छ पाण्याने धुतात. मग ते साधारण दिवसभर भिजवून, निथळून, गोणपाटात बांधून वर पेंढा आणि वजन ठेवतात. दुसऱ्या दिवशी त्या गोणीत कोपरापर्यंत हात घालून बघा. बाहेर पाऊस, हवेत गारवा, आणि आत चांगली ऊब लागते. ती ऊब कुठून आली, याचं उत्तर म्हणजेच श्वसन. दाण्यात साठवलेल्या पिठाची साखर होते, पेशींमध्ये प्राणवायूच्या मदतीने ती साखर मोडते, त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊर्जा निघते. ऊर्जेतला काही भाग कोंब काढायला जातो, उरलेला उष्णता म्हणून बाहेर पडतो. गोणी फार घट्ट बांधून ठेवली तर आतलं बी तापून नासतं, म्हणून शेतकरी मधूनमधून पाणी शिंपडतो आणि बी हलवतो.

घरी हेच थर्मासमध्ये मोजता येतं. चवळी किंवा मूग रात्रभर भिजवून मोड आणा. अर्धे मोड उकळून पूर्ण थंड करा आणि जंतुनाशकाच्या पाण्यातून काढा. ही पायरी गाळू नका. उकळलेल्या कडधान्यावर एक-दोन दिवसांत बुरशी आणि जीवाणू वाढतात, त्यांचंही श्वसन चालतं आणि मेलेला थर्मासही तापायला लागतो. दोन्ही थर्मास निम्मे भरा, थर्मामीटर आत सोडा आणि तोंडाला झाकणाऐवजी कापसाचा बोळा लावा, म्हणजे हवा जात राहील. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ आकडे लिहा. जिवंत मोडांचा थर्मास काही अंशांनी वर राहतो.

उष्णता मोजली, आता वायू पकडायचा. चमचाभर चुना बाटलीभर पाण्यात घालून हलवा, रात्रभर स्थिर ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या बाटलीत काढून बूच लावा. ही झाली चुन्याची निवळी. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, तेव्हा हे काम मोठ्यांनी करावं. दोन बरण्यांत तळाशी मोड ठेवा, एकीत जिवंत, दुसरीत उकळलेले. दोन्हींत निवळीची छोटी वाटी ठेवून झाकणं घट्ट लावा. काही तासांनी जिवंत मोडांच्या बरणीतली निवळी दुधाळ होते, पृष्ठभागावर पांढरी साय धरते. कार्बन डायऑक्साइडमुळे चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट झालेलं असतं. निवळी उघडी ठेवलीत तर हवेतल्या वायूनेही ती हळूहळू साय धरेल, म्हणून वाटी भरल्यावर गप्पा मारत बसू नका.

नळीने निवळीत स्वतःचा उच्छ्वास फुंकूनही हा बदल लगेच दिसतो. मुलांना फुंकायचं, ओढायचं नाही, हे दोनदा सांगा. फार वेळ फुंकत राहिलं तर दुधाळ निवळी परत स्वच्छ होते, कारण जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडने विद्राव्य बायकार्बोनेट तयार होतं. मुलं यावर हमखास प्रश्न विचारतात, उत्तर तयार ठेवा.

प्राणवायूशिवायही काम भागवणारे जीव असतात, ते तुमच्या स्वयंपाकघरात आहेत. आंबोळीचं पीठ रात्री पातेल्यात अर्धं असतं, सकाळी झाकणाला लागतं. त्यातले जीवाणू पिठातली साखर मोडून आम्ल आणि वायू बनवतात. माडाचा सकाळी काढलेला गोड रस, म्हणजे माडी, दुपारनंतर चढायला लागते, ते यीस्टचं काम: साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. कोमट पाण्यात साखर आणि बेकरीच्या दुकानातलं यीस्ट घालून बाटलीच्या तोंडावर फुगा चढवा. तासाभरात फुगा उभा राहतो. यीस्ट उकळत्या पाण्यात घालून केलेल्या जोडीच्या बाटलीवरचा फुगा लोळत राहतो.

हे झालं की खाडीवर जा. छाती वरखाली होणं म्हणजे श्वसन, ही समजूत तिथे मोडते. तिवर हे खारफुटीतलं झाड, त्याच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलींसारखी शेकडो मुळं वर आलेली दिसतील. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच, म्हणून झाड मुळंच हवेत पाठवतं आणि त्यांच्यावरच्या छिद्रांतून हवा आत घेतं. त्याच चिखलावर उड्या मारणारी निवटी पाहा. हा मासाच, पण गालांत पाणी धरून आणि ओल्या कातडीतून, तोंडाच्या अस्तरातून प्राणवायू घेत तो पाण्याबाहेर राहतो. मधूनच कुशीवर वळून अंग चिखलाला लावतो, ते कातडी ओली ठेवण्यासाठी. ती सुकली तर खेळ संपला.

खाडीवर आणि कातळावर जायची वेळ

कोळ्यांचा हिशेब साधा आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. तृतीया असेल तर तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे भरती सव्वादोनच्या सुमारास, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे साडेआठच्या आत. पुनव किंवा अवसेनंतरची द्वितीया-तृतीया सर्वांत सोयीची. उधाणाचा जोर असतो म्हणून पाणी खूप आत जातं, आणि ओहोटी सकाळी उजेडात मिळते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, कातळ पुरते उघडे पडत नाहीत. ही अंदाजाची वेळ झाली, गावानुसार थोडी पुढेमागे होते. पाणी फिरायच्या अर्धा तास आधीच मुलांना वर काढा, आणि पावसाळ्यात, समुद्र खवळलेला असताना, कातळावर जाऊच नका.

पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये. पावसाळ्यात शेतात आणि साचलेल्या पाण्यात लेप्टोची भीती असते. तिवरं, कांदळ यांना कायद्याचं संरक्षण आहे. फांद्या तोडायच्या नाहीत, जे बघायचं ते झाडावरच.

पोषण: पेजेपासून पानापर्यंत

वनस्पती अन्न बनवतात हे सगळ्यांना पाठ असतं. दाखवायला एक पान पुरतं. आधी आयोडीनची ओळख करून घ्या. चमचाभर थंड पेजेत पातळ केलेल्या आयोडीनचे दोन थेंब टाका. निळाकाळा रंग येईल. पिष्टमय पदार्थाची ती खूण.

आता कुंडीतली जास्वंद दोन दिवस अंधारात ठेवा, म्हणजे पानातला साठा संपेल. मग एका पानाच्या मधोमध दोन्ही बाजूंनी काळा कागद पिनेने लावा आणि कुंडी चार-पाच तास उन्हात ठेवा. पान तोडून मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा. त्यानंतर गॅस बंद करा. स्पिरिट पटकन पेट घेतं, ज्योतीजवळ न्यायचंच नाही. उकळतं पाणी खाली उतरवून त्यात स्पिरिटची लहान वाटी ठेवा आणि पान त्या वाटीत टाका. हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरतो, पान फिकट होतं. ते पाण्यात बुडवून मऊ करा, बशीत पसरा, आयोडीन टाका. उन्हातला भाग काळपट निळा, कागदाखालचा पट्टा तपकिरी-पिवळा. हा प्रयोग जुलैत करू नका, ऊनच नसतं.

प्राणी अन्न कसं मिळवतात हे दाखवायला तिसऱ्यांइतकं, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्यांइतकं, सोयीचं काही नाही. बाजारातून जिवंत तिसऱ्या आणा आणि खाडीचंच गढूळ पाणी भरून आणा. नळाच्या पाण्यात त्या टिकत नाहीत. एका बरणीत पाच-सहा तिसऱ्या, दुसरीत तितकीच रिकामी शिंपलं, दोन्हींत सारखं ढवळलेलं पाणी. बरण्या शांत जागी ठेवा. थोड्या वेळाने शिंपल्यांच्या फटीतून दोन आखूड नळ्या बाहेर येतात. एकीतून पाणी आत जातं, दुसरीतून बाहेर पडतं. आत कल्ल्यांवर अन्नाचे कण अडकतात आणि त्याच प्रवाहातून प्राणवायूही घेतला जातो. दोन-तीन तासांत तिसऱ्यांची बरणी दुसरीपेक्षा स्पष्ट नितळ झालेली असते.

याच तिसऱ्यांवर चेतनाक्षमताही पाहून घ्या. नळ्या बाहेर असताना बरणीवर टिचकी मारा, शिंपला मिटतो. तिसऱ्या करताना प्रत्येक घरात ही परीक्षा होतेच: उघडा शिंपला टोचून मिटला नाही तर मेलेला समजून फेकायचा. प्रयोग झाल्यावर तिसऱ्या खाडीत सोडा.

उत्सर्जन, जिथे बहुतेकांची गल्लत होते

शौचाला होणं म्हणजे उत्सर्जन नव्हे. न पचलेलं अन्न शरीराच्या पेशींत कधी गेलेलंच नसतं, ते नळीतून आलं तसं गेलं. पेशींच्या कामातून तयार झालेली घाण बाहेर टाकणं, ते उत्सर्जन. आपली लघवी, घाम, फुप्फुसातून जाणारा कार्बन डायऑक्साइड हे त्यात येतं.

भिंतीखाली पडलेली पालीची लेंडी भिंगातून पाहा, हात न लावता. काळा भाग म्हणजे न पचलेलं अन्न, टोकाला चिकटलेला पांढरा खडा म्हणजे युरिक आम्ल, पालीची लघवीच ती. पाणी वाचवायचं असल्यामुळे पाल ती जवळजवळ सुकीच टाकते. पाण्यात राहणाऱ्या बहुतेक माशांना ती काळजी नसते, ते कल्ल्यांतून सरळ अमोनिया सोडतात. मत्स्यटाकीचं पाणी वेळेवर बदललं नाही तर मासे मरतात, त्याचं एक मोठं कारण हेच.

पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, ओहोटीला वाटाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसते. मुलं तिला खेकड्यांची शी म्हणतात. ती शी नाही आणि उत्सर्जनही नाही. हे छोटे खेकडे वाळू तोंडाशी नेऊन तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतात आणि उरलेली वाळू गोळी करून बाजूला टाकतात. गोळी पोटात गेलेलीच नसते.

झाडांकडे पाहायचं तर कोरड्या दिवसांत, सकाळी, तिवराचं पान भिंगाखाली धरा. पानावर मिठाचे बारीक कण चमकतात. खाऱ्या पाण्यातून आत आलेलं जास्तीचं मीठ तिवर पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. पावसाने ते धुऊन जातं, म्हणून हे डिसेंबर ते मे या दिवसांत बघावं.

चेतना आणि हालचाल

लाजाळू सगळ्यांनी पाहिलेली असते, पण मोजलेली क्वचित. एका पानाला काडीने हलकेच स्पर्श करा आणि ते पुन्हा पूर्ण उघडायला किती वेळ लागतो ते घड्याळावर लिहा. मग त्याच पानाला उघडल्याबरोबर परत परत छेडा आणि प्रतिसाद बदलतो का पाहा. पानाच्या देठाशी जी फुगीर गाठ असते तिच्या पेशींतून पाणी निघून जातं आणि पान मिटतं, तिथे स्नायू नाहीत. जगदीशचंद्र बोसांनी याच लाजाळूवर विद्युत संदेशांचे प्रयोग केले होते.

थंडीत कधीकधी रात्री लाटा निळ्या चमकतात. तीही एक चेतनाच. नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव पाणी ढवळलं की प्रकाश सोडतो. अशा रात्री ओल्या वाळूवर पाय आपटून बघा.

वाढ: खेकडा आणि मिठागर

मिठाचा खडाही वाढतो, मग तो सजीव का नाही? दोऱ्याला मिठाचा बारीक खडा बांधून संपृक्त मिठाच्या पाण्यात लटकवा. शेजारी भाताचं रोप ठेवा. दोघांची रोज नोंद करा. खड्यावर बाहेरून थर चढतात, आणि चढतं ते मीठच. रोप मात्र हवा, पाणी आणि क्षार घेतं आणि त्यांचं रूपांतर आतल्या आत पानात, मुळात करतं. शिरोड्याच्या किंवा पेणच्या मिठागरात कितीही मोठा खडा मिळाला तरी त्याने आतून काही घडवलेलं नसतं.

खेकड्याची वाढ टप्प्याटप्प्याने होते. कवच ताणत नाही म्हणून तो ते टाकूनच देतो. किनाऱ्यावर मेलेला वाटणारा खेकडा उचला आणि मागची बाजू पाहा. पाठीचं कवच मागून उचकटलेलं, आत पोकळ आणि वास नाही, तर ती नुसती कात आहे. मालक मऊ अंगाने कुठल्यातरी कपारीत लपलेला असतो, पाणी शोषून फुगतो आणि नवं कवच कडक होईपर्यंत बाहेर पडत नाही.

प्रजनन

याबद्दल एकच गोष्ट नीट समजून घ्या: एकटा जीव जगायला प्रजनन लागत नाही. खेचराला पिल्लं होत नाहीत, म्हणून ते निर्जीव ठरत नाही. प्रजनन टिकवतं ते जातीला.

कोकणात याचे नमुने पावलोपावली आहेत. कांदळाच्या (हीही खारफुटीच) झाडावर लोंबणाऱ्या हिरव्या शेंगांसारख्या काठ्या बघा. त्या शेंगा नाहीत, झाडावरच रुजलेली रोपं आहेत, पिकली की चिखलात पडतात किंवा भरतीबरोबर दुसरीकडे जातात. पहिल्या पावसात व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, शेतात चढणारे मासे अंडी घालायला निघालेले असतात. चढणीचे मासे मारताना आपण नेमके तेच पकडतो. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामागेही विणीचं हेच कारण आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवीण एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, ती साधारण ४५ ते ६० दिवसांत फुटतात, आणि वाळूच्या तापमानावर नर की मादी ते ठरतं.

घरी करायचं असेल तर पानफुटीचं पान ओल्या मातीवर ठेवा. कडेच्या खाचांतून रोपं येतात, सगळी आईसारखीच. हापूसची कोय लावली तर झाड हापूसच निघेल याची खात्री नाही, कारण त्यात परागाचाही वाटा असतो. म्हणून तर कोयीच्या रोपावर हापूसची काडी बांधून कलम करावं लागतं.

अडलं तर कसं ठरवायचं

एखादी वस्तू जिवंत की नाही असा प्रश्न पडला तर सातही लक्षणं एकाच वेळी दिसायला हवीत असा हट्ट धरू नका. समई प्राणवायू घेते आणि उष्णता देते, पण तिला पेशी नाहीत, ती स्वतःची दुरुस्ती करत नाही. सुकं बियाणं उलट: दिसत काहीच नाही, पण आत मंद श्वसन चालू असतं. त्याच्यासाठी १०० दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि आठवडाभर ओल टिकवा. जितके रुजले तितके टक्के जिवंत. भाताच्या प्रमाणित बियाण्यात ही उगवण किमान ८० टक्के असावी लागते. विषाणू मात्र या सगळ्यात बसत नाही. पेशीबाहेर तो ना श्वसन करतो ना वाढतो, पेशीत शिरला की तिच्याकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. त्याला सजीव म्हणावं का यावर शास्त्रज्ञांतही एकमत नाही, तेव्हा वहीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा.

वेळापत्रक असं ठेवा: रहू आणि चढणीचे मासे जूनमध्ये, लाजाळू आणि पानफुटी पावसाळाभर, पानाचा आयोडीन प्रयोग ऑक्टोबरच्या उन्हात, खाडी, पुळण आणि तिवराचं मीठ थंडीपासून पुढे, कासवांची पिल्लं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. फुगा, निवळी आणि तिसऱ्यांसाठी मुहूर्त लागत नाही. तिसऱ्या तेवढ्या त्याच दिवशीच्या ताज्या असाव्यात.